मुंबईची ट्रॉलीबस : गवालिया टँक ते माझगाव डॉक

११ जून १९६२ रोजी मुंबईत गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ रोजी ती बंद झाली. पावणेनऊ वर्षांचा हा कालखंड मुंबईच्या वाहतुकीच्या इतिहासात सहसा एका ओळीत उरकला जातो. ट्रामबद्दल आठवणी आहेत, लेख आहेत, चित्रपटांतली दृश्ये आहेत. दुमजली बसवर मुंबईकराचा जीव आहे. ट्रॉलीबस मात्र या दोघींच्या मध्ये सापडून विसरली गेली. तरीही ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली तेव्हापासून मुंबईच्या रस्त्यांवर विजेवर चालणारी सार्वजनिक वाहतूक जी टिकून होती, तिचा अखेरचा दुवा हीच गाडी होती. तिच्याबरोबर जवळजवळ चौसष्ट वर्षांची परंपरा संपली आणि मुंबईचा रस्ता पूर्णपणे खनिज तेलाच्या हवाली झाला.

या गाडीची जन्मकथा ट्रामच्या कथेपासून वेगळी काढता येत नाही. मुंबईत ट्राम आणण्याची कल्पना १८६५ मध्ये स्टर्न्स आणि किटरेज या अमेरिकी कंपनीने मांडली. ते वर्ष मुंबईला फार वाईट गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता. त्यामुळे गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला अवचित सोन्याचा भाव आला. आजच्या अकोला-वाशीम पट्ट्यातला माल बंदराकडे निघाला आणि बंदरावर पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच भाव कोसळले, बँका बुडाल्या, शेअरबाजार झोपला. अशा वेळी रस्त्यात लोखंडी रूळ घालण्याच्या योजनेत पैसा घालायला कोणी धजेना. ट्रामला त्यानंतर नऊ वर्षे वाट पाहावी लागली.

९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे दोन मार्ग होते. गाड्या वीस आणि घोडे दोनशे. कुलाब्याहून पायधुणीला तीन आणे पडत, आणि सुरुवातीला तिकीट म्हणून हातात काही मिळत नसे. काही गाड्यांना एक घोडा लागे, काहींना दोन. मुंबईच्या दमट उन्हात जनावरे थकत, चढावर अडत. त्यांच्या चाऱ्यावर आणि तबेल्यांवर मोठा खर्च होई. जगभरच्या शहरांनी हाच अनुभव घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेचा रस्ता धरला होता. मुंबईने तो १९०५ मध्ये धरला. १ ऑगस्टला घोड्यांची ट्राम थांबली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये नोंदलेल्या ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ने, म्हणजे ‘बेस्ट’ने, शहराला वीज पुरवण्याचे आणि ट्राम चालवण्याचे असे दोन्ही अधिकार मिळवले.

पुढे घडलेल्या साऱ्या गोष्टींचा अर्थ या जोडअधिकारात आहे. एकच संस्था घरात दिवा लावते आणि रस्त्यावर गाडी चालवते, ही रचना जगात काही शहरांत होती, पण ती इतका दीर्घकाळ टिकली अशी उदाहरणे थोडी आहेत. माझगावलगतच्या वाडी बंदर इथे कंपनीने स्वतःचे वीजकेंद्र उभारले; १९१२ मध्ये कसारा इथे, म्हणजे मॅलेट बंदराजवळ, मोठे केंद्र झाले. पुढे सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेल्या पावसाच्या पाण्यावर टाटांनी खोपोलीत वीज तयार करायला सुरुवात केली आणि काळाच्या ओघात कंपनीने आपली केंद्रे बंद करून टाटांकडून वीज घेतली. मुंबईची ट्राम अशा प्रकारे लोणावळ्याच्या पावसावर चालू लागली. आज ज्याला स्वच्छ ऊर्जेवरची वाहतूक म्हणतात, ती या शहराला शंभर वर्षांपूर्वी घरची गोष्ट होती.

ट्रामचे वैभव विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतले. सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १९३५ च्या सुमारास ४३३ ट्रामगाड्या सुमारे ४७ किलोमीटरच्या जाळ्यावर फिरत होत्या. गिरणगावातला कामगार, फोर्टमधला कारकून, गिरगावातला विद्यार्थी या सगळ्यांना परवडणारे वाहन तेच होते. दादरच्या पूर्वेच्या चौकाला लोक अजूनही ‘दादर टीटी’ म्हणतात. त्यातले ‘टीटी’ म्हणजे ट्राम टर्मिनस. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली मोटारबस धावली तेव्हा तिच्याकडे श्रीमंतांची सोय म्हणूनच पाहिले गेले. पण बसने पाय रोवले. १९३७ मध्ये ती दुमजली झाली, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, कंपनी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीची झाली तेव्हा २४२ बस २३ मार्गांवर धावत होत्या. नावातला ‘ट्रामवेज’ हा शब्द जाऊन तिथे ‘ट्रान्सपोर्ट’ आला. बेस्टचा पुढचा रोख त्या बदलातच दिसतो.

ट्राम का नकोशी झाली, याची कारणे रस्त्यावरच दिसत होती. रूळ रस्त्याच्या मधोमध होते, त्यामुळे प्रवाशाला चालत्या मोटारींमधून वाट काढत मध्यभागी जाऊन चढावे लागे. एक ट्राम बिघडली की तिच्यामागच्या सगळ्या अडकत. रूळ झिजत, त्यांच्या कडेचा रस्ता खचत असे आणि पावसाळ्यात ती दुरुस्ती दुप्पट होई. शिवाय शहर ट्रामच्या आवाक्याबाहेर वाढत होते. १९५० आणि १९५७ मध्ये हद्दवाढ होऊन महापालिका उत्तरेला दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. ट्रामचे जाळे मात्र जुन्या बेटातच थांबले होते. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या साडेएकेचाळीस लाखांवर गेली होती. रूळ वाढवण्याचा खर्च कोणालाही झेपणारा नव्हता. १९५३ पासून तोट्यातले ट्राममार्ग एकेक करून बंद होऊ लागले.

ट्राम काढायची ठरल्यावर प्रश्न उरला तो तिच्या जागी काय आणायचे याचा. सरळ उत्तर डिझेल बस हे होते आणि बहुतेक मार्गांवर तेच दिले गेले. पण बेस्टकडे वीज होती, उपकेंद्रे होती, रस्त्यावर तार ओढणारे आणि ती दुरुस्त करणारे कामगार होते. रूळ गेले तरी या भांडवलाचा उपयोग करता येईल, असे एकच वाहन तेव्हा जगाला माहीत होते.

त्या वाहनाची वंशावळ जर्मनीत सुरू होते. २९ एप्रिल १८८२ रोजी बर्लिनजवळच्या हालेनझे इथे वेर्नर फॉन सीमेन्सने रुळांविना चालणारी विजेची गाडी फिरवून दाखवली. तारांवरून धावणारी छोटी चाकगाडी केबलने तिला वीज पुरवत होती. तो प्रयोग जूनपर्यंत चालून थांबला. १९०१ मध्ये माक्स शीमान या अभियंत्याने सॅक्सनीत प्रवासी सेवा सुरू केली आणि गाडीच्या छतावरून वर तारेला टेकणाऱ्या दोन काठ्यांची रचना रूढ केली. आजही जगातली ट्रॉलीबस त्याच रचनेवर चालते.

ती रचना समजून घेतली तर मुंबईतल्या गाडीचे भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही कळते. ट्रामला डोक्यावर एक तार पुरते, कारण वीज मोटरमधून जाऊन लोखंडी चाकांवाटे रुळात उतरते आणि रुळांतूनच परत जाते. रबरी टायरवरच्या गाडीला ही परतीची वाट नसते. म्हणून तिला डोक्यावर दोन तारा लागतात, एक येणाऱ्या विजेची आणि एक जाणाऱ्या. छतावरच्या दोन लांब काठ्या स्प्रिंगच्या ताणाने खालून या तारांना दाबून धरतात. टोकाला खाचेचा बूट असतो, त्यात कार्बनचा तुकडा, जो तारेवरून घसरत जातो आणि झिजला की बदलावा लागतो. विजेचा दाब साधारण ५५० ते ६०० व्होल्टचा, आणि वीज एकदिश. शहराला मिळते ती प्रत्यावर्ती वीज, त्यामुळे मार्गाच्या कडेला ती बदलून देणारी उपकेंद्रे लागतात.

काठ्या लवचिक असल्याने गाडी तारेखालून तीन-चार मीटर डावीउजवीकडे सरकू शकते. उभी हातगाडी, खोदलेला खड्डा, बंद पडलेला ट्रक यांना वळसा घालणे ट्रामला अशक्य होते. ट्रॉलीबसला ते जमते. मुख्य म्हणजे ती थांब्यावर पदपथाला येऊन लागते. म्हातारे माणूस, कडेवर मूल घेतलेली बाई, डोक्यावर ओझे असलेला हमाल यांना भर रस्त्यात उतरावे लागत नाही. ट्रामचा सगळ्यात मोठा दोष या एका गोष्टीने नाहीसा होतो. विजेची मोटर उभ्या अवस्थेतूनच पूर्ण जोर लावते, त्यामुळे थांबा सोडताना आणि पुलाचा चढ चढताना डिझेल गाडीसारखी घरघर आणि हिसके नसतात. धूर तर नसतोच. इंग्लंडमध्ये ही गाडी इतक्या मूकपणे येई की पादचाऱ्यांना ती धोक्याची वाटे.

तिच्या अडचणीही याच रचनेतून निघतात. वळणावर वेग जास्त झाला किंवा काठी तारेच्या जोडावर अडखळली की ती तारेवरून निसटते, गाडी जागीच थांबते आणि कंडक्टरला खाली उतरून दोरीने किंवा लांब बांबूने काठी पुन्हा तारेवर बसवावी लागते. जिथे दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथे विरुद्ध तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून विजेविना काही फूट जागा सोडलेली असते. चालकाने तेवढे अंतर आधीच्या वेगावर पार करायचे असते. ट्रामची तार वर आणि ट्रॉलीबसच्या दोन तारा तिला छेदून जाणाऱ्या, अशा चौकात ही गुंतागुंत अधिकच वाढते. १९६२ ते १९६४ या दोन वर्षांत मुंबईत ट्राम आणि ट्रॉलीबस दोन्ही चालू होत्या.

मार्गाची निवड पाहण्यासारखी आहे. मुंबई बेट उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि तिच्या दोन्ही रेल्वे त्याच दिशेने धावतात. पूर्व-पश्चिम जायचे तर रस्त्यावरच्या वाहनाशिवाय पर्याय नसतो. गवालिया टँक बेटाच्या पश्चिमेला, मलबार आणि कंबाला टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला ते मैदान तिथलेच, आज ते ऑगस्ट क्रांती मैदान म्हणून ओळखले जाते. माझगाव डॉक दुसऱ्या टोकाला, बंदराच्या काठावर. १९६० मध्ये भारत सरकारने ही गोदी ताब्यात घेतली होती आणि नौदलासाठी जहाजे बांधण्याची तयारी तिथे सुरू होती. ‘आयएनएस निलगिरी’ ही युद्धनौका १९६८ मध्ये तिथल्याच धक्क्यावरून पाण्यात उतरली. या दोन टोकांना जोडणाऱ्या गाडीला दोन्ही रेल्वेमार्ग ओलांडून, शहराच्या अत्यंत दाट वस्तीतून जावे लागे. थांबे जवळजवळ आणि प्रवासी दिवसभर. चढणे, थांबणे, पुन्हा निघणे यात विजेची मोटर डिझेल इंजिनापेक्षा सरस असते. प्रयोगाला इतका अनुकूल मार्ग दुसरा सापडणे कठीण होते.

वेळ मात्र प्रतिकूल होती. लंडनने १६ मे १९३१ रोजी ट्रॉलीबस सुरू करून अठराशेंहून अधिक गाड्यांचे जगातले सर्वांत मोठे जाळे उभे केले होते. मुंबईच्या नगरप्रशासनाला वाहतुकीच्या बाबतीत लंडन हाच आदर्श होता. लाल रंगाची दुमजली बस त्याची साक्ष आहे. त्याच लंडनने ८ मे १९६२ रोजी आपली शेवटची ट्रॉलीबस बंद केली. मुंबईची पहिली त्यानंतर जेमतेम महिनाभराने निघाली. दिल्लीत १९३५ पासून चालत आलेली ट्रॉलीबसही याच सुमारास संपली. कोलंबोत १९५३ मध्ये सुरू झालेली सेवा १९६४ मध्ये गुंडाळली गेली. जग ज्या वाहनाकडे पाठ फिरवत होते, ते मुंबई हाती घेत होती. यात मागासलेपणा शोधण्याचे कारण नाही. वीज आणि वाहतूक एकाच छपराखाली असलेल्या संस्थेने केलेला तो विचारपूर्वक प्रयोग होता. सोव्हिएत संघात तर नेमक्या याच काळात क्रायमियामध्ये सिंफेरोपोलपासून याल्टापर्यंत, डोंगर ओलांडून ८६ किलोमीटर लांबीचा ट्रॉलीबस मार्ग पूर्ण झाला, आणि तो आजही जगातला सर्वांत लांब मानला जातो. म्हणजे वाहनात खोट नव्हती; प्रश्न त्याच्यामागे किती मोठी व्यवस्था उभी करायची हा होता.

३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तिला निरोप द्यायला माणसांची दाटी झाली होती. ट्राम गेल्यावर विजेवरची एकमेव गाडी म्हणून ट्रॉलीबस उरली, आणि तिचे खरे हाल तिथून सुरू झाले असे म्हणावे लागते. ट्रामच्या जाळ्यामुळे शहरभर तारा, खांब, उपकेंद्रे आणि त्यांची देखभाल करणारी मनुष्यबळाची फळी जिवंत होती. ते जाळे मिटल्यावर हा सारा पसारा एका मार्गासाठी राखावा लागला. तार तुटली तर ती जोडायला उंच मचाणाची गाडी लागते, मग मार्ग एक असो वा चाळीस. उपकेंद्रात पाळीवर माणूस लागतो, मग त्या तारेखालून दिवसात शंभर गाड्या जावोत की हजार. ट्रॉलीबसचे अर्थशास्त्र याच ठिकाणी ठरते. गाडी डिझेल बसपेक्षा स्वस्तात चालते आणि जास्त वर्षे टिकते, पण वरची तार महाग असते. तो खर्च जितक्या जास्त फेऱ्यांत वाटला जाईल तितका तो परवडतो. मुंबईने वाहन आणले, पण जाळे विणले नाही.

दुसरीकडे डिझेलचा पाया देशात पक्का होत होता. १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला अवजड वाहने बनवायला घेतली. मद्रासची अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. बसची चासी देशातच मिळू लागली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावलेल्या पहिल्या एस.टी.चा विस्तार होत होता आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन होऊन विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र एका छत्राखाली आले. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावाला जिल्ह्याशी, बाजाराशी आणि दवाखान्याशी जोडायचे तर डिझेल बस हाच उपाय होता. तिला ना तार लागते ना खांब, जिथवर रस्ता तिथवर ती जाते. महाराष्ट्राच्या शेकडो गावांना जी चासी लागत होती तीच मुंबईला लागत होती. तिचे सुटे भाग, तिचा मेकॅनिक, तिच्या जुन्या इंजिनाचा सांगाडा सगळे गल्लोगल्ली उपलब्ध होते. ट्रॉलीबसला देशात दुसरी बहीण उरली नव्हती. तिच्या भागांसाठी स्वतंत्र बाजारपेठ कुठून येणार? ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. परदेशातून आणाव्या लागणाऱ्या कोणत्याही यंत्रसामग्रीचा खर्च एका दिवसात दीडपटीच्या वर गेला.

शहराची गर्दीही बसला नवे रूप घ्यायला लावत होती. १९६७ मध्ये बेस्टने जोडबस आणली, म्हणजे एकाच फेरीत जास्त माणसे वाहणारी गाडी. उपनगरांत दरवर्षी नव्या वस्त्या उभ्या राहत होत्या, आणि तिथे पोचण्यासाठी मार्ग आखायचे, बदलायचे, लांबवायचे हे रोजचे काम झाले. डिझेल बसचा मार्ग कागदावर बदलता येतो. ट्रॉलीबसचा मार्ग बदलायचा तर खांब हलवावे लागतात. १९७१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या एकोणसाठ लाख सत्तर हजारांच्या घरात गेली, म्हणजे दहा वर्षांत अठरा लाख माणसे वाढली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गवालिया टँक ते माझगाव डॉकची तार निकामी झाली.

हा निर्णय त्या वेळच्या हिशेबाने चुकीचा ठरवता येत नाही. डिझेल स्वस्त होते आणि स्वस्तच राहील, असे सगळे जग धरून चालले होते. पण अडीच वर्षांतच तो हिशेब फसला. ऑक्टोबर १९७३ मधल्या अरब-इस्राएल युद्धानंतर तेल उत्पादक देशांनी पुरवठा आवळला आणि तेलाचा भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून काही महिन्यांत जवळजवळ बारा डॉलरवर गेला. भारताच्या आयातीचे बिल फुगले. युरोपातल्या अनेक शहरांनी तेव्हा आपल्या उरलेल्या ट्रॉलीबसच्या तारा जपायचे ठरवले. स्वित्झर्लंडमधले झ्यूरिख, ऑस्ट्रियातले झाल्झबुर्ग ही शहरे आजही त्यांचा लाभ घेत आहेत. नेपाळने तर २८ डिसेंबर १९७५ रोजी, चीनच्या मदतीने, काठमांडूत त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक असा सुमारे तेरा किलोमीटरचा नवा मार्ग सुरू केला. नेपाळकडे तेल नव्हते, पाण्यावरची वीज होती. त्यामुळे तो निर्णय शहाणपणाचा होता. मुंबईलाही त्या वेळी सह्याद्रीतली वीज मिळतच होती, फक्त ती रस्त्यावर उतरवणारी तार नव्हती.

काठमांडूची कहाणीही अखेर मुंबईच्याच वाटेने गेली. देखभालीला पैसा नाही, गाड्या जुन्या, मार्ग एकच. डिसेंबर २००१ मध्ये ती सेवा थांबली, २००३ मध्ये काही भागात पुन्हा चालू झाली आणि २००८ मध्ये संपली. दक्षिण आशियात ट्रॉलीबस दिल्ली, मुंबई, कोलंबो आणि काठमांडू या चारही शहरांतून गेली ती याच कारणाने: लहान जाळे वाढण्याआधीच थकले. उलट ज्या शहरांनी सुरुवातीपासून अनेक मार्ग एकमेकांना जोडून घेतले, तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. चिलीमधल्या वाल्परायसो या बंदराच्या शहरात १९४६ ते १९५२ या काळात अमेरिकेत बनलेल्या पुलमन-स्टँडर्ड गाड्यांपैकी काही एकविसाव्या शतकातही रोज प्रवासी घेऊन धावत राहिल्या आणि २००३ मध्ये त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. सत्तर वर्षे चालणारी डिझेल बस कुठे ऐकायला मिळत नाही.

मुंबईत रस्त्यावर विजेची बस परतायला सेहेचाळीस वर्षे गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेस्टच्या ताफ्यात बॅटरीवर चालणाऱ्या सहा बस आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरची वातानुकूलित दुमजली बस रस्त्यावर आली आणि १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुनी डिझेल दुमजली बस निवृत्त झाली. एस.टी.नेही आपल्या पहिल्या प्रवासाच्या वर्धापनदिनी, १ जून २०२२ रोजी, त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू केली. बॅटरीने तारेची अट काढून टाकली. तिच्यासोबत दुसऱ्या अडचणी आल्या: कित्येक टन वजनाची बॅटरी दिवसभर वाहून न्यावी लागते, ती भरण्यासाठी गाडी तासन्‌तास उभी राहते आणि काही वर्षांत ती बदलावी लागते. आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. १९६२ ची ट्रॉलीबस बेस्टची स्वतःची होती. तिची तार, उपकेंद्र आणि कारखाना सारे संस्थेचे होते. आजच्या विजेच्या बस मुख्यतः कंत्राटदारांच्या मालकीच्या आहेत आणि बेस्ट त्यांना किलोमीटरमागे पैसे देते. वीज आणि वाहतूक एकत्र सांभाळणाऱ्या संस्थेने विजेची गाडी चालवण्याचे ज्ञान आपल्या कामगारांच्या हातात ठेवण्याची संधी अशा प्रकारे दुसऱ्यांदा सोडली आहे.

दरम्यान बॅटरी आणि तार यांची सांगड घालणारी गाडी तयार झाली. ती मार्गाच्या काही भागात तारेखालून जाते, त्या वेळी धावता धावता बॅटरी भरते आणि उरलेला मार्ग तारेविना कापते. प्राग शहराने १५ ऑक्टोबर १९७२ रोजी बंद केलेली ट्रॉलीबस बरोबर पंचेचाळीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०१७ रोजी, याच पद्धतीने परत आणली. तेव्हा तार फक्त एका चढाच्या रस्त्यावर होती, कारण चढावर बॅटरीवर सर्वांत जास्त ताण येतो. चौकांतली तारांची जाळी, मार्ग बदलण्यातली अडचण आणि एका मार्गासाठी उभारलेला सगळा पसारा, हे मुंबईच्या गाडीला नडलेले तिन्ही दोष यात बऱ्याच अंशी मिटतात. महाराष्ट्रात नागपूरसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी १३२ आसनांची, थांब्यावर काही क्षणांत चार्ज होणारी विजेची लांब बस आणण्याचा मनोदय बोलून दाखवला आहे. अशा कोणत्याही योजनेला मुंबईचा अनुभव हिशेबात घ्यावा लागेल, कारण तार असो की चार्ज करणारा थांबा, त्याचा खर्च एका मार्गाने कधी भरून येत नाही.

मुंबईच्या जुन्या वाहतुकीच्या खुणा आता थोड्या उरल्या आहेत. २०१७ च्या सुमारास हुतात्मा चौकाच्या परिसरात खोदकाम करताना ट्रामचे रूळ रस्त्याखाली सापडले. आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात ट्राम आणि जुन्या बसच्या प्रतिकृती, तिकिटे, यंत्रे जपली आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या भाटिया बागेत २०२२ मध्ये एक ट्राम ठेवण्यात आली. मुंबईची एकही ट्राम उरली नसल्याने ती कोलकात्याहून आणावी लागली.